पुरचुंडीलाही परीक्षा द्यावी लागेल



बस्तीत सामायिकाला दाराजवळची जागा कोण पकडतं, ते एकदा नीट बघा. उशिरा येणाऱ्या नव्हे. लवकर येऊन, पुढे जागा मोकळी असताना मुद्दाम दाराशी बसणाऱ्या. बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या. सामायिक ४८ मिनिटांचं, आणि यांचं अर्धं चित्त ‘तोवर निभेल ना’ या हिशेबात. मला कसं माहीत? गेली दोन वर्षं मीही तिथेच बसते.

लघवीची एकाएकी, दाबून न धरता येणारी घाई, दिवसातून दहा-बारा वेळा जाणं, रात्री दोन-तीनदा उठणं, कधी न्हाणीघरापर्यंत पोचायच्या आतच थोडं होऊन जाणं. याला डॉक्टर अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. पण केव्हा म्हणतात? जंतुसंसर्ग, मधुमेह, खडा असं दुसरं कारण नाही हे तपासल्यावरच. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या घरांत यावर एकच उपाय, शेक. खडे मीठ तव्यावर तापवायचं, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधायचं आणि ओटीपोटाला, कमरेला शेकायचं. मिठात मूठभर ओवा, ही माझ्या सासूबाईंची भर. मागच्या महिन्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘सात दिवस मिठाचा शेक, लघवीचा त्रास मुळापासून बंद.’ चाळीस जणींनी हात जोडले. मी एवढंच विचारलं, किती जणींवर करून बघितलं? पहिलं उत्तर आलं, ‘आपल्या आज्या काय खुळ्या होत्या का?’ दुसरं त्याहून गोड, ‘ताई, आपला अनेकांतवाद आहे ना. हेही खरं, तेही खरं.’

या दुसऱ्या उत्तराने माझं डोकं फिरलं, म्हणून हा लेख.

‘स्यात्’ म्हणजे ‘असेल बाई काहीतरी’ नव्हे. कोणत्या अपेक्षेने खरं, ते सांगण्याची ती शिस्त आहे. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं हलकं होतं, झोप लागते. वेदनेच्या अपेक्षेने शेक खरा, हे मी पाळीच्या वयापासून अनुभवलंय. म्हणून तो लघवीच्या घाईच्या अपेक्षेनेही खराच, हे कुठून आलं? आणि श्रद्धेचं म्हणाल, तर समंतभद्राचार्यांनी ‘आप्तमीमांसे’त साक्षात आप्तालाच परीक्षेला बसवलं. देव सेवेला येतात, चामरं ढाळली जातात, एवढ्याने मोठेपण सिद्ध होत नाही, हे तर मायावी लोकांकडेही दिसतं, इथूनच ते सुरुवात करतात. तिथे परीक्षा चालते, आणि आमच्या मिठाच्या पुरचुंडीला नाही?

तिकडे पूर्वेच्या देशांत निदान विचारतात तरी. जपानी संशोधकांनी उंदरांच्या अंगाला एकदम थंडी दिली, तेव्हा त्यांचं मूत्राशय वारंवार आकुंचन पावू लागलं. थंडीत घाई वाढते हे आपलं निरीक्षण खुळचट नाही, इतकं त्यावरून म्हणता येतं. पण गारठ्याने बिघडतं म्हणून उबेने बरं होतं, ही पुढची उडी आहे. चीन-कोरियात वाळल्या पाल्याची वात त्वचेजवळ जाळून शेक देतात, त्यावरही अभ्यास झालेत. पण पुष्कळसे लहान, आणि शेक आपल्याला मिळतोय हे रुग्णापासून लपवणार कसं? ही खरी अडचण आहे. कारण या आजारात औषध म्हणून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांनाही बरंच बरं वाटतं, हे औषधांच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

मी घरीच करून पाहिलं. वहीत वेळ, माप आणि घाई किती ते लिहायचं. माप घ्यायला जुना प्लास्टिकचा मग, त्यावर रेघा. (यजमानांना तो मग कशाचा ते आधीच सांगून ठेवा!) दोन आठवडे शेकाविना, दोन आठवडे रोज रात्री वीस मिनिटं शेक, मग दोन आठवडे फक्त कोमट पुरचुंडी. शेकाविना दिवसाला अकरा-बारा खेपा होत्या, शेकाने नऊ-दहा झाल्या. आनंद झाला. मग कोमट पुरचुंडीनेही नऊ-दहाच! रात्रीचं उठणं तिन्ही वेळा तेवढंच. म्हणजे गुण मिठाचा, उबेचा, की लिहायला लागल्यावर ‘आत्ता खरंच जायचंय का’ असं स्वतःला विचारल्याचा? एका बाईच्या वहीवरून हे ठरत नाही. पण ‘मुळापासून बंद’ म्हणणाऱ्यांकडे तर एक वहीसुद्धा नाही.

आता माझ्या आत्याचं सांगते. वर्षभर तिला हाच त्रास आणि वर्षभर हाच शेक, ओटीपोटाला आणि रात्री तळपायांनाही. वय झालं म्हणत सगळ्यांनी सोडून दिलं, त्यात मीही. एके सकाळी तळपायाला मोठा फोड दिसला. भाजल्याचं तिला कळलंच नव्हतं. जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर साखर भलतीच वाढलेली. लघवी त्यानेच होत होती आणि पाय बधिर त्यानेच झाले होते. पुरचुंडीने तिला नुसतं भाजलं नाही, तिचं एक वर्ष खाल्लं.

म्हणून आधी लघवीची आणि साखरेची तपासणी. लघवीत रक्त दिसलं, जळजळ, ताप असला, तर तव्यावर मीठ टाकायच्या आधी दवाखाना. कारण दुसरं निघालं नाही, तर घाई आली की जागीच थांबून ओटीपोटाचे खालचे स्नायू आवळायचे, दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं, चहा कमी करायचा. हे साधे उपाय डॉक्टर गोळीच्या आधी सांगतात. गोळी लागलीच, तर काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. सूर्यास्तानंतर पाणी न घेणारीने आपला नियम डॉक्टरांना सांगावा, पर्याय असतात.

पाण्याबद्दलही भांडायचंय. संध्याकाळनंतर पाणी कमी, हे रात्री उठणाऱ्यांना डॉक्टरही सांगतात. पण आपण काय करतो? दिवसभर घाईच्या भीतीने घोटभर पाणी, आणि सूर्य बुडताना घटाघटा दोन तांबे. मग रात्री पुरचुंडी शोधायची. तेच प्रासुक पाणी सकाळपासून थोडं थोडं प्यायला कोणता नियम आडवा येतो?

शेक बंद करा असं मी म्हणत नाही. मी आजही घेते, कमरेसाठी. पुरचुंडी आधी मनगटाला लावून बघते, आणि मधुमेह असलेल्या कुणाला देत नाही. पण आपल्या भागात आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. शंभर बायकांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करायला, एकीकडे गरम आणि दुसरीकडे कोमट पुरचुंडी द्यायला, आणि तीन महिने वह्या भरून घ्यायला काय मोठा खर्च येणार आहे? शंभर बायका मिळणार नाहीत, म्हणे. लाजतात.

येत्या चतुर्दशीला मी बस्तीत माझी वही घेऊन येणार आहे, आखलेली पाच कोरी पानंही. दाराजवळच बसलेली असेन.