किनारा कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, मांडवगण फराट्याहून आपण मुंबईला जातो ते हवा खायला नाही. मरीन ड्राइव्हला म्हणे राणीचा रत्नहार! समुद्र हटवून केलेली जमीन. २०१८ साली तिथल्या आर्ट डेको इमारती जागतिक वारसा ठरल्या. ठरू द्या. पण भराव टाकणाऱ्या हातांचा वारसा कुणी मोजला?

त्याच समुद्राच्या काठी, दादर चौपाटीवर, ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची चिता पेटली. दर ६ डिसेंबरला आपली माणसं भाकरी बांधून येतात, पुस्तकं घेऊन जातात. अन् हे नाक मुरडतात : गर्दी! घाण! यांनी रोज फिरावं ती शहराची शान, आपण एक दिवस आलो की घाण?

मान खाली घालू नका. १९२७ ला महाडला पाण्यावर हक्क सांगितला. हा किनाराही मागायचा नाही, आपलाच आहे.