आहारचिंतन : तेल, साखर आणि आपण

मॉर्गन स्परलॉक या अमेरिकन गृहस्थाने 2004 साली पडद्यावर आणलेला ‘सुपर साइझ मी’ हा माहितीपट वाचकांपैकी कित्येकांनी पाहिला असेल. तीस दिवस केवळ मॅकडोनाल्डचे पदार्थ खाऊन राहण्याचा त्याने पण केला आणि महिनाअखेर त्याचे वजन सुमारे 11 किलोंनी वाढले. एका माणसावरील प्रयोग शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. शिवाय आपण दीर्घकाळ मद्य घेत होतो, हे त्याने 2017 साली स्वतःच सांगितले. तथापि चित्रपटाने विचारलेला प्रश्न उरतोच. माणूस स्थूल होतो तो केवळ जिभेच्या दोषाने, की जे अन्न त्याच्यापुढे स्वस्त व सुलभ म्हणून मांडले जाते त्यामुळेही?

उत्तरासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. 1987 साली आपल्या मॉरिशसमध्ये लोकांच्या प्रकृतीची मोठी पाहणी झाली, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण चिंता वाटावी इतके आढळले. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी, कोणताही समाज त्यातून सुटला नव्हता. त्याच सुमारास सरकारने एक साधी गोष्ट केली. घरोघरी जाणारे रेशनचे तेल मुख्यतः पामतेल असे. त्याच्या जागी सोयाबीनचे तेल देण्यात आले. 1992 साली पुन्हा रक्त तपासले, तेव्हा कोलेस्टेरॉलची सरासरी लिटरमागे 5.5 मिलिमोलवरून 4.7 वर उतरली होती. याचे बरेचसे श्रेय या तेलबदलास दिले जाते. त्यासाठी कोणा गृहिणीला आपली फोडणी बदलावी लागली नाही.

परंतु त्याच पाच वर्षांत स्थूलता मात्र वाढली, आणि मधुमेहही हटला नाही. पामतेल घ्या वा सोयाबीनचे, चमचाभर तेलातील उष्मांक तेवढेच. पुढे 2009 साली शाळांच्या उपाहारगृहांतून तळलेले पदार्थ व शीतपेये काढून टाकणारा नियम झाला. 2013 पासून शीतपेयांतील साखरेवर कर बसला आणि 2020 साली तो दुप्पट करण्यात आला. शासनाचा हात दुकानापर्यंत पोहोचतो. आपल्या पंक्तीत काय वाढावे, हे मात्र आपणच ठरवतो.

रत्नागिरीकडून गिरमिटावर आलेले आपले पूर्वज उसाच्या मळ्यात उन्हातान्हात राबले. त्यांनी पिकविलेली साखर जहाजांत भरून परदेशी गेली. त्यांच्या अंगमेहनतीला जो आहार पुरा पडत नसे, त्याहून कितीतरी अधिक आपण खुर्चीत बसून सेवन करतो. मधुमेहाने दृष्टी गेलेला किंवा पाय गमावलेला एखादा आप्त आपल्यापैकी कोणाच्या ओळखीत नाही?

गणेशचतुर्थीचा मोदक आणि सणाची पुरणपोळी यांना दोष देण्याचे प्रयोजन नाही. ती वर्षातून काही वेळा येतात. प्रसादाच्या पानाशेजारी मांडलेल्या शीतपेयांच्या बाटल्या मात्र आपल्या परंपरेत कोठून आल्या, याचा विचार व्हावा. येत्या उत्सवात त्यांच्या जागी थंड पाणी व ताक ठेवावे, आणि सभागृहाच्या एका कोपऱ्यात रक्तातील साखर तपासण्याची सोय करावी, अशी मंडळाच्या चालकांस नम्र सूचना आहे. तपासणीस प्रथम वडीलधाऱ्यांनी बसावे, म्हणजे तरुण मंडळी आपोआप मागे उभी राहतील.