ठेका तीन महिन्यांचा, गोळ्या सहा महिन्यांच्या

नागपूरच्या मिहान प्रकल्पातील एम्सचे 11 डिसेंबर 2022 रोजी थाटात लोकार्पण झाले. पण क्षयाचा उपचार पुरा होतो तो तिथल्या मजुराच्या भाड्याच्या खोलीत. तिथे बाई-पुरुषांची दुखणी वेगळी वळणे घेतात. 2023 मध्ये जगातील क्षयरुग्णांत पुरुष 55 टक्के, स्त्रिया 33, उरलेली मुले. औषध अर्ध्यावर सोडणाऱ्यांतही बहुधा पुरुषच पुढे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते, गडी कामावर जातो आणि पुढच्या चार महिन्यांच्या गोळ्या राहून जातात. त्यात दारू आणि हजेरीवरची मजुरी: दवाखान्यात गेला की खाडा पडलाच. ठेका संपला की मुक्कामही हलतो.

बाई सुरू झालेले औषध बहुधा नेमाने घेते. तिचे घोडे अडते त्याआधीच. नुसती लाळ नव्हे, खोलवरून काढलेला बेडका तपासायला द्यावा लागतो, हे तिला नीट सांगायला कोणाला वेळ असतो? मुलगी लग्नाची असेल तर घरचेच तोंड बंद करतात.

रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून मिळणारे महिना 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, हे बरे झाले. पण बुडालेली हजेरी त्यातून भरून निघत नाही. ठेकेदारांनी तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये, अशी अट मिहान प्रशासनाने घालावी. गोळ्या संध्याकाळीही मिळाव्यात. आणि गाव बदलणाऱ्याची नोंद नव्या केंद्राने लगेच, कुरकुर न करता, उचलावी.