दुर्बिणीलाही निवायला वेळ द्या

आकाशदर्शनाचा कार्यक्रम म्हटला की आपलं सगळं ठरलेलं असतं. सहा वाजता पाहुणे, मग स्वागत, पुष्पगुच्छ, दोन भाषणं, आभार. साडेसातला कुणीतरी धावत जाऊन वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीतून दुर्बीण आणतं आणि पाचव्या मिनिटाला रांग सुरू! शनी थरथरतो, त्याचं कडं पुसट दिसतं. "काय ही दुर्बीण, काही दिसतच नाही," म्हणत मुलं परततात. माझं म्हणणं इतकंच की इथे दोष बहुतेक वेळा दुर्बिणीचा नसतो, कार्यक्रमपत्रिकेचा असतो.

भिंगाच्या दुर्बिणीत समोर एकच काच नसते. एकट्या भिंगातून ताऱ्याभोवती रंगांची झालर दिसते. ती घालवायला क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा एकत्र बसवतात. महागड्या दुर्बिणीत तीन भिंगं. एकीची चूक दुसरी सावरते, असा हा संसार. पण काचा अजून निवत असतील तर तो नीट चालत नाही. गरम खोलीतून गार हवेत आणलं की भिंगाच्या कडा आधी निवतात, मधला भाग उबदार राहतो. त्यामुळे भिंगाचा आकार आणि काचेची प्रकाश वळवण्याची ताकद, दोन्ही किंचित बदलतात. हा फरक केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी, पण शनीचं कडं धूसर करायला तेवढा पुरतो. तीन भिंगांत मधल्याची पंचाईत जास्त. दोन्हीकडून काच आणि अडकलेली हवा, म्हणजे रजईत गुंडाळल्यासारखंच. ते सगळ्यात शेवटी निवतं.

त्यात धातूची भर. अ‍ॅल्युमिनियम साध्या काचेच्या सुमारे तिप्पट आकसतं. मीटरभर नळी दहा अंशांनी गार झाली की जवळजवळ पाव मिलिमीटर आखूड होते, म्हणून फोकस सरकत राहतो. भिंग धरणारी चौकट फार घट्ट असेल तर ती काचेला चिमटा काढते आणि ठिपक्यासारखा तारा चक्क तिकोनी दिसतो.

आपल्या हैदराबादला तर हा वारसा आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये सुरू केलेल्या निजामिया वेधशाळेत पंधरा इंची भिंगाची दुर्बीण होती. अशा वेधशाळांचा साधा नियम असतो: निरीक्षणाआधीच घुमट उघडायचा, आतली हवा बाहेरच्यासारखी होऊ द्यायची.

"एवढा वेळ कुठून आणायचा?" असं कुणी विचारेल. अहो, भाषणं चालतात तेवढा वेळ असतोच की! लहान, दोन भिंगांच्या दुर्बिणीला अर्धा-पाऊण तास, मोठ्या तीन भिंगांच्या दुर्बिणीला तास-दीड तास द्यावा. शक्य असेल तर गच्चीऐवजी हिरवळीवर मांडावी, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफा सोडतो.

कुणासाठी तरी ती शनीची पहिलीच, कदाचित एकमेव भेट असते. म्हणून पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिली ओळ हीच हवी: साडेपाच वाजता दुर्बीण बाहेर, सावलीत, झाकण लावून ठेवणे. पाहुण्यांचं स्वागत त्यानंतर.