‘ह्युगो’ची मोजणी आणि वाचकांचा कौल

चीनमधील चेंगडू येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ‘ह्युगो’ पुरस्कार जाहीर झाले. टी. किंगफिशर यांच्या ‘नेटल अँड बोन’ला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा मान मिळाला. खरे वादळ उठले ते तीन महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये मतांची आकडेवारी प्रसिद्ध झाल्यावर. आर. एफ. क्वांग यांच्या ‘बॅबेल’ या कादंबरीला अंतिम यादीत येण्यास पुरेशी नामांकने मिळाली होती, पण तिच्यापुढे केवळ ‘अपात्र’ असा शेरा होता. कारण दिलेले नव्हते. नवोदित लेखकांच्या विभागात शिरान जे झाओ, हौशी लेखनाच्या विभागात पॉल वायमर आणि दूरचित्रवाणी विभागात ‘द सँडमॅन’ मालिकेचा एक भाग यांचीही तीच गत झालेली दिसली.

याच ‘बॅबेल’ला त्याच वर्षी ‘नेब्युला’ हा विज्ञानकथाविश्वातील दुसरा मोठा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे लेखकांच्या संघटनेने जिला वर्षातील सर्वोत्तम ठरवले, ती कादंबरी वाचकांपुढे मतासाठी येऊच शकली नाही. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या, म्हणजे आपण ज्यांना ‘फँटसी’ म्हणतो त्या साहित्याच्या, आवडत्या लेखकांची निवड नेमकी कोण करते, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

या क्षेत्रात निवडीच्या तीन रीती रूढ आहेत. ‘नेब्युला’साठी व्यावसायिक लेखक मत देतात. ‘वर्ल्ड फँटसी’ पुरस्काराचा अंतिम निर्णय परीक्षक मंडळ करते. ‘ह्युगो’ मात्र वाचकांचा. १९५३ मध्ये फिलाडेल्फियात तो प्रथम दिला गेला आणि आल्फ्रेड बेस्टर यांच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ने तो पटकावला. पुरस्काराला नाव मिळाले ते १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू करणाऱ्या ह्युगो गर्न्सबॅक यांचे. वर्गणी भरून संमेलनाचे सदस्यत्व घेणारा कोणीही मतदार होऊ शकतो. प्रत्यक्ष उपस्थित राहण्याचीही गरज नसते.

मतदानाची पद्धत आपल्याला परकी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात जसे आधी नाव नोंदवावे लागते आणि मग उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा लागतो, तसेच येथे. शेवटच्या क्रमांकाचा उमेदवार बाद होत जातो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. शिवाय ‘कोणालाही पुरस्कार नको’ असा एक पर्याय मतपत्रिकेवर असतो. आपल्याकडच्या लोकसभा-विधानसभेतील ‘नोटा’ निकाल बदलू शकत नाही. हा पर्याय मात्र जिंकू शकतो. आणि पदवीधर मतदारसंघाचा निकाल म्हणजे साऱ्या पदवीधरांचे मत नव्हे, हे जितके खरे, तितकेच ‘ह्युगो’ म्हणजे साऱ्या वाचकांचे मत नव्हे, हेही.

१९६६ चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षी क्लीव्हलँडच्या संमेलनात ‘सर्वकालीन सर्वोत्कृष्ट मालिका’ असा एक खास ‘ह्युगो’ ठेवण्यात आला. रिंगणात टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ होती, एडगर राइस बरोज, रॉबर्ट हाइनलाइन आणि ई. ई. स्मिथ यांच्या मालिका होत्या, आणि आयझॅक असिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ होती. हा मान टॉल्किन यांच्यासाठीच योजला असावा, अशी खुद्द असिमॉव्ह यांची समजूत होती. जिंकली ‘फाउंडेशन’. पुढे २००३ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधील सर्वसामान्य वाचकांना त्यांची सर्वांत लाडकी कादंबरी विचारली, तेव्हा पहिला क्रमांक ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला मिळाला. पहिल्या पाचांत जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वगळता उरलेल्या चारही जागा विज्ञानकथा व अद्भुतकथांनी घेतल्या. पुस्तके तीच होती, पण मतदारवर्ग बदलला होता. १९६६ मधल्या अमेरिकी संमेलनाला जाणारा वाचक हा विज्ञानकथांच्या मासिकांवर पोसलेला होता आणि त्याने आपल्या घरचा लेखक निवडला. त्यात गैर काही नाही. मात्र ‘सर्वकालीन’ हा शब्द त्या मतांच्या मानाने जरा जास्तच मोठा होता.

मतदारवर्ग लहान असला की तो काबीज करणेही सोपे जाते, याचा प्रत्यय २०१५ मध्ये आला. ‘ह्युगो’ अलीकडे उच्चभ्रू आणि राजकीयदृष्ट्या डाव्या लेखनाकडे झुकला आहे, साध्या साहसकथा मागे पडल्या आहेत, अशी तक्रार करणारा एक गट लेखक लॅरी कोरेया यांच्या पुढाकाराने २०१३ पासून सक्रिय होता. ‘सॅड पपीज’ हे त्याचे नाव. २०१५ मध्ये या गटाने आणि थिओडोर बील यांच्या त्याहून कडव्या ‘रॅबिड पपीज’ने तयार याद्या समर्थकांच्या हाती दिल्या. सर्वसाधारण वाचक नामांकनात आपापल्या आवडीची पाच नावे लिहितो, त्यामुळे हजारो मते शेकडो पुस्तकांत विखुरतात. काही शे जणांनी ठरवून तीच पाच नावे लिहिली, की अख्खा विभाग त्यांचा होतो. तसेच झाले.

अंतिम फेरीत बहुसंख्य मतदारांनी याचे उत्तर दिले. ५,९५० मतपत्रिका आल्या. आदल्या वर्षी त्या ३,५८७ होत्या. तब्बल पाच विभागांत ‘कोणालाही पुरस्कार नको’ हा पर्याय विजयी झाला. तोवरच्या साऱ्या इतिहासात मिळून हे पाचच वेळा घडले होते. या धुमश्चक्रीत काही चांगल्या लेखकांचा विनाकारण बळी गेला, हेही नमूद करायला हवे. यादीत आपले नाव घातले जावे, असे त्यांच्यापैकी सर्वांनीच काही सांगितले नव्हते. मार्को क्लूस या लेखकाने तर आपली कादंबरी स्वतःहून मागे घेतली. रिकाम्या झालेल्या त्या जागी जी कादंबरी आली, ती होती चीनच्या लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, आणि तीच त्या वर्षी विजयी ठरली. अनुवादित कादंबरीला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ. केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादातून ती जगभर गेली. एका लेखकाने स्पर्धेतून माघार घेतली नसती, तर चिनी विज्ञानकथेच्या जागतिक प्रवासाचा आरंभ कदाचित वेगळ्या वर्षी नोंदला गेला असता.

त्यानंतर नियम बदलले. २०१७ पासून नामांकनाची मोजणी नव्या सूत्राने होते. प्रत्येक मतदाराचा एका विभागात एकच गुण धरला जातो आणि तो त्याने लिहिलेल्या, अजून शर्यतीत असलेल्या नावांत वाटला जातो. ठरवून पाच नावे लिहिणाऱ्यांचे बळ त्यामुळे पाच ठिकाणी विभागते. ज्याचे एकच आवडते पुस्तक उरले आहे, त्याचा गुण मात्र अखंड राहतो. सूत्र किचकट आहे, पण परिणाम साधा आहे. झुंडीला एखाद-दुसरी जागा मिळू शकते, सगळ्या नाही.

२०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे एन. के. जेमिसिन यांच्या ‘ब्रोकन अर्थ’ या कादंबरीत्रयीच्या तिन्ही भागांना सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ‘ह्युगो’ मिळाला. असा पराक्रम तोवर कोणाच्याच नावावर नव्हता, ना असिमॉव्ह यांच्या, ना हाइनलाइन यांच्या. कृष्णवर्णीय लेखिकेला कादंबरीचा ‘ह्युगो’ मिळण्याची २०१६ मधली ती पहिलीच वेळ. ‘पपीज’ गटांना जे रोखायचे होते, तेच त्यांच्या उपद्व्यापाने मतदान वाढल्यानंतर अधिक ठळकपणे घडले, असे म्हणण्यास जागा आहे.

चेंगडूचा प्रकार याहून निराळा आणि अधिक गंभीर. येथे मतदारांनी काही केले नव्हते. मते मोजणाऱ्यांनीच नावे काढली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ख्रिस बार्कली आणि जेसन सॅनफर्ड यांनी पुरस्कार समितीतील ई-मेल पत्रव्यवहार उघड केला. तो त्यांना समितीतीलच डायन लेसी यांनी दिला होता. चीन, तैवान, तिबेट या विषयांवर कोणत्या लेखकाने कधी काय लिहिले, याची टिपणे त्यात होती. ही टिपणे तयार करणारे चिनी अधिकारी नव्हते, तर उत्तर अमेरिकेतील जुनेजाणते विज्ञानकथाप्रेमी होते. पॉल वायमर तिबेटला जाऊन आले, अशी एक नोंद होती. प्रत्यक्षात ते नेपाळला गेले होते! आणि ‘बॅबेल’ ही तर ब्रिटिश साम्राज्यवादावर आणि चीनवर लादलेल्या अफूच्या व्यापारावर कोरडे ओढणारी कादंबरी. तिच्यात बीजिंगला खुपण्याजोगे काय सापडणार होते, हे समजणे अवघड आहे. सत्तेची नाराजी आधीच ओळखून स्वतः कात्री चालवणारे लोक पुस्तके वाचतातच असे नाही.

चिनी वाचकांवरही यात अन्याय झाला. तेथील एका प्रकाशनाने सुचवलेल्या यादीप्रमाणे आलेली नामांकने ‘संगनमत’ ठरवून काढून टाकल्याचा उल्लेख त्या पत्रव्यवहारात आढळतो. २०१५ मध्ये अमेरिकी गटांच्या याद्या नियमात बसतात म्हणून मोजल्या गेल्या होत्या, हे येथे आठवावे. पुढे पुरस्कार प्रशासक डेव्ह मॅकार्टी यांच्यासह काही जणांवर ठपका ठेवण्यात आला आणि मॅकार्टी यांनी राजीनामा दिला. विजेते मात्र तेच राहिले.

तरीही या साऱ्यातून एक गोष्ट ‘ह्युगो’च्या बाजूने नोंदवावी लागते. गैरप्रकार उघडकीस आला, तो नामांकनांचे आकडे प्रसिद्ध करण्याच्या बंधनामुळे. ते बंधन नसते तर ‘बॅबेल’ला वाचकांनी निवडलेच नाही, अशीच समजूत कायम राहिली असती. २०२४ मध्ये ग्लासगो येथील संमेलनाने ३७७ मते बाद केली. बनावट नावांनी सदस्यत्व घेऊन एकाच उमेदवाराला ती दिली गेली होती. आयोजकांनी निकालाच्या आधीच ही गोष्ट जाहीर केली आणि त्या उमेदवाराला याची कल्पना असल्याचा पुरावा नाही, हे सांगून त्याचे नाव राखून ठेवले.

मराठी वाचकाला या चर्चेत आपले काही ओळखीचे दिसेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांनी आद्याक्षरे उलटी करून ते घेतले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती. स्पर्धकानेच निवडीच्या शुद्धतेची एवढी काळजी घेतल्याचे उदाहरण विरळाच.

याच नारळीकरांची २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. विज्ञानकथालेखकाला हा मान प्रथमच मिळत होता. पण तो मतपेटीतून आलेला नव्हता. हजाराच्या आसपास मतदारांकडून होणारी आणि दरवर्षी गाजणारी अध्यक्षपदाची निवडणूक महामंडळाने २०१८ मध्ये घटनादुरुस्ती करून बंद केली होती. तेव्हापासून एकमताने निवड होते. प्रचाराची धुळवड थांबली, हे बरेच झाले. निवडणुकीच्या रिंगणात उतरण्यास नारळीकर तयार झाले असते, असेही वाटत नाही. मात्र कोणाच्या नावाला किती पाठिंबा होता, याचा मोजलेला आकडा या रीतीत मिळत नाही. आणि साहित्य अकादमीचा २०१४ चा पुरस्कार नारळीकरांना मिळाला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. त्यांच्या ज्या विज्ञानकथांवर मराठी वाचकांच्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांपैकी कोणत्याही पुस्तकासाठी नव्हे.