मज्जा आणि मज्जातंतू

मराठींत 'मज्जा' हा शब्द दोन ठिकाणीं राबतो. हाडांच्या पोकळींतील मगज ती अस्थिमज्जा, आणि मेंदूचे निरोप सर्वांगास पोहोंचविणारे धागे ते मज्जातंतू. आयुर्वेदानें सात धातूंत रक्त दुसरें व मज्जा सहावी गणिली. एवढ्यावरून पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांतले नाहीं. तथापि अस्थिमज्जेंत जन्मणाऱ्या रक्तपेशी तुटलेल्या मज्जातंतूंस हातभार लावतील काय, हा प्रश्न आज शास्त्रज्ञांपुढें खरोखरच आहे. आणि आमच्या माकणीसारख्या गांवीं तो पैशाच्या रूपानें येऊन ठेपला आहे.

येथील एका एकत्र कुटुंबांतील वडील गृहस्थांस पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा अडखळूं लागली. कोणीं सांगितलें कीं, मोठ्या शहरांत कमरेच्या हाडांतील मज्जा काढून तिच्यांतील पेशी टोंचतात व मेंदू पूर्ववत् होतो. मुलांनीं तेरणेकांठची दोन एकर जमीन विकावयाचें मनांत आणिलें, आणि धाकट्या सूनबाईंनीं आम्हांस विचारिलें.

इ. स. २००० मध्यें उंदरांवरील प्रयोगांवरून, मज्जेंतील पेशी मेंदूंत जाऊन मज्जापेशी बनतात असें प्रसिद्ध झालें व मोठी आशा उत्पन्न झाली. २००३ मध्यें दिसून आलें कीं अशा पेशी पुष्कळदां मेंदूंतील जुन्या पेशींशीं एकजीव झालेल्या असतात. नवी मज्जापेशी निपजली असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. मग २०२० मध्यें अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं उंदरांत एका अपक्व श्वेतपेशीचा प्रकार वर्णिला. ही पेशी स्वतः मज्जापेशी होत नाहीं. ती पोषक द्रव्यें स्रवते, आणि दृष्टितंतूचे व पाठीच्या कण्यांतील तुटलेले धागे पुन्हा वाढूं लागतात. शेतांत नवें झाड न लावतां जुन्याच्या मुळाशीं खत घालावें, तसें हें. गोष्ट मोलाची, पण उंदरांची.

माणसांचा अनुभव आपल्याच देशांत घेतला गेला आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, पुण्याचें सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय व आणखी तीन संस्था यांनीं पक्षाघाताच्या १२० रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांस त्यांच्याच मज्जेंतील पेशी शिरेवाटे दिल्या, निम्म्यांस दिल्या नाहींत. २०१४ मध्यें निष्कर्ष आला: अपाय नाहीं, पण लाभही आढळला नाहीं. असें नकारार्थी उत्तर प्रामाणिकपणें छापणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर वाटतो.

म्हणून सूनबाईंस आम्हीं सांगितलें कीं, हा उपचार कीं प्रयोग, हें आधीं विचारा. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें असे उपचार केवळ रक्ताच्या कांहीं विकारांस मान्य आहेत. अन्यत्र ते प्रयोग म्हणूनच करावे, आणि प्रयोगासाठीं रुग्णाकडून पैसे घेऊं नयेत. जमीन तूर्त राहिली आहे. आजोबा रोज सकाळीं उजव्या हातानें एका वाटींतील शेंगदाणे दुसरींत टाकतात. व्यायाम शिकविणारे गृहस्थ आठवड्यांतून दोनदां येतात.

घराघरांत एक गोष्ट मात्र लिहून ठेवावी. तोंड वांकडें होणें, एक हात गळणें, बोलणें तुटणें, यांपैकीं कांहीं दिसतांच, घड्याळ पाहून, मेंदूचें छायाचित्र काढण्याची सोय असलेलें रुग्णालय गांठावें. गुठळी विरघळविणारें औषध साधारण साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि माकणीहून लातूर किंवा सोलापूर गांठण्यांतच त्यांतला बराच वेळ जातो.