यंत्र आले, शिक्षकाचे काय?

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला आणि गावोगावी ‘डिजिटल शाळां’ची जणू लाटच आली. ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढली, शिक्षकांनी पदरमोड केली, प्रोजेक्टर आले, फिती कापल्या गेल्या. हा उत्साह निःसंशय अभिनंदनीय होता. परंतु उद्घाटनानंतरचे वीजबिल कोणी भरायचे, बिघडलेले यंत्र कोणी दुरुस्त करायचे, याचा विचार अनेक ठिकाणी झालाच नाही. तो भार अखेर शिक्षकावरच पडला.

तंत्रज्ञान शिक्षकाच्या गरजेतून आले की काय घडते, हे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीने दाखवून दिले. तेथील मुलींची भाषा कन्नड, पाठ्यपुस्तके मात्र निराळ्या भाषेतील. रणजितसिंह डिसले यांनी धडे त्यांच्या मातृभाषेत आणले, पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि ध्वनिफिती व चित्रफिती घरापर्यंत पोहोचविल्या. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथे अडचण आधी ओळखली गेली, साधन नंतर आले.

इतरत्र नेमके उलटे घडते. संगणक वर्गासाठी येतो आणि माहिती भरण्यासाठी वापरला जातो. ‘सरल’, ‘यू-डायस’, आधार जोडणी यांची पोर्टले भरता भरता अध्यापनाचा वेळ सरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. पोर्टलवरील नोंदी ‘शैक्षणिक’ म्हटल्या, की ही मनाई कागदावरच राहते.

वर्गात उत्तम शिकविणारा शिक्षक ऑनलाइन माध्यमातही आपोआप उत्तम ठरेल असे गृहीत धरता येत नाही, हे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही मान्य केले आहे. मग एक-दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर बोळवण का?

शासनाने यंत्रासोबत देखभालीचा खर्च आणि नोंदींसाठी स्वतंत्र मनुष्यबळ द्यावे. समाजानेही वर्गणी देऊन मोकळे होऊ नये. गावातील संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुणाने महिन्यातून एक दिवस शाळेला दिला, तरी बंद पडलेले कितीतरी पडदे पुन्हा उजळतील. मुलाला घडवितो तो शिक्षक. यंत्राने त्याचे हात मोकळे करावेत, बांधू नयेत.